कॅल्शियम व ऐच्छिक स्नायू

कॅल्शियम हा ऐच्छिक (कंकाल) स्नायूंचे आकुंचन सुरू करणारा आयन (विद्युतभारित अणू). शरीरातील सुमारे 99 टक्के कॅल्शियम हाडांत व दातांत असते. स्नायूंचे काम उरलेल्या अल्पांशावर चालते.

हे कार्य प्रथम कोणी ओळखले याबाबत एकमत नाही. श्रेय बहुधा ब्रिटिश वैद्य सिडनी रिंगर यांना दिले जाते. बेडकाचे हृदय नळाच्या पाण्यातील क्षारद्रावणात धडधडत राहते, ऊर्ध्वपातित पाण्यातील द्रावणात थांबते, असे त्यांना लंडनमध्ये 1883 च्या सुमारास आढळले. पण हा पुरावा हृदयाचा. ऐच्छिक स्नायुतंतूत कॅल्शियम टोचून आकुंचन घडवण्याचे प्रयोग 1940 च्या दशकातले : जपानमध्ये कामादा व किनोशिता, अमेरिकेत हाइलब्रून व व्हिएर्चिन्स्की (1947). तरीही शंका उरली, कारण शुद्ध केलेली ॲक्टिन व मायोसिन ही स्नायूंतील प्रथिने एटीपी (पेशीतील ऊर्जावाहक रेणू) मिळताच कॅल्शियमविनाही आकसत. शुद्धीकरणात, कॅल्शियम नसताना आकुंचन रोखून धरणारे एक प्रथिन निसटत होते. ते ट्रोपोनिन जपानी शास्त्रज्ञ सेत्सुरो एबाशी यांनी 1960 च्या दशकाच्या मध्यास वेगळे केले व कॅल्शियम त्यालाच जोडले जाते हे दाखवले. निर्णायक पुरावा हाच मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

विश्रांतीत पेशीद्रवातील मुक्त कॅल्शियम पेशीबाहेरच्यापेक्षा सुमारे 10,000 पट कमी असते. चेतासंदेश येताच जालिकेतील (स्नायुपेशीतील कॅल्शियम साठवणाऱ्या पटलजालातील) साठा रायनोडीन ग्राही या प्रथिन-द्वारांवाटे सुटतो. पुढे एटीपी खर्चून जालिकेतील प्रथिन-पंप तो परत ओढतात आणि स्नायू सैलावतो. मृत्यूनंतर एटीपी संपते व प्रेत ताठरते.

रायनोडीन ग्राहीच्या जनुकात दोष असल्यास हॅलोथेनसारख्या भूलवायूने साठा अनावर सुटून जीवघेणा ज्वर चढतो. डँट्रोलीन हे त्यावरील औषध. दुशेन स्नायुविकृती या आनुवंशिक रोगात फाटक्या पेशीपटलातून कॅल्शियम आत शिरते.

सोलापुरात यंत्रमागावर पाळीभर उभे राहून रात्री पोटरीत गोळा (वांब) आला, की कॅल्शियम कमी झाले असे सर्रास समजले जाते. घाम, निर्जलीकरण व थकवा ही कारणे आधी पाहावीत. रक्तातील कॅल्शियम खरोखर घटले तर चेतातंतू अतिसंवेदनशील होऊन ओठांभोवती मुंग्या येतात, मनगट दुमडते, बोटे जुळून ताठतात.

गुरांत मात्र कॅल्शियम घटल्यावर उलट दिसते : स्नायू ताठण्याऐवजी ढिले पडतात. जिल्ह्यातील पंढरपुरी म्हशीसारखे दुभते जनावर व्याल्यानंतर 2-3 दिवसांत दुग्धज्वराने बसून राहते, मान कुशीकडे वळवते. नावात ज्वर असला तरी अंग थंड लागते. शिरेतून कॅल्शियम बोरोग्लुकोनेट सावकाश सोडतात. घाई केल्यास हृदय बंद पडू शकते.