फ्रीज नसेल तर इन्सुलिन टिकतं का?

‘घरी फ्रीज नाही? मग इन्सुलिन घरी देता येणार नाही.’ गरीब देशांतल्या अनेक दवाखान्यांत हा नियम वर्षानुवर्षं पाळला गेला. त्यामुळे टाइप १ डायबिटीस असलेल्या, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच न होणाऱ्या मुलाला दिवसातून दोन-तीनदा टोचून घ्यायला दवाखाना गाठावा लागतो. शाळा बुडते, आईबापांची मजुरी बुडते आणि मग इंजेक्शनंही चुकू लागतात.

केनियातल्या दादाब निर्वासित छावणीत झोपडीतलं तापमान मोजलं, तर ते साधारण २५ ते ३७ अंशांमध्ये वरखाली होत होतं. जिनिव्हा विद्यापीठ आणि ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ ही आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मदत संस्था यांनी प्रयोगशाळेत तसाच चढउतार ठेवून इन्सुलिन तपासलं. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आला: चार आठवड्यांनंतरही त्याची ताकद थंडीत ठेवलेल्या कुप्यांइतकीच होती. गोदामातल्या साठ्याला मात्र २ ते ८ अंश हवेतच. ही सवलत वापरातल्या कुपीपुरती आहे, म्हणून कुपी उघडल्याची तारीख तिच्यावर लिहायची.

इन्सुलिन एवढं टिकतं कसं? ते ५१ अमिनो आम्लांचं, दोन साखळ्यांचं छोटं प्रथिन. कुपीत त्याचे सहा-सहा रेणू झिंकभोवती घट्ट बसलेले असतात. जंतू वाढू नयेत म्हणून घातलेलं मेटाक्रेसॉल किंवा फिनॉल ही सहांची मोळी आणखी आवळतं. धोका असतो तो मोळीतून सुटलेल्या एकट्या रेणूला. त्याची घडी उलगडली की आतला, पाण्याला टाळणारा भाग उघडा पडतो. असे उघडे रेणू एकमेकांना चिकटून तंतू होतात, आणि पहिला तंतू तयार झाला की पुढचे भराभर जुळत जातात. उष्णतेने रेणू जास्त सुटतात. कुपी जोरात हलवणंही वाईटच, कारण हवा आणि पाणी जिथे भेटतात तिथे घडी लवकर मोडते. म्हणून दुधाळ एनपीएच इन्सुलिन (सावकाश काम करणारा प्रकार) जोरात हलवायचं नाही; तळहातांमध्ये दहा-वीस वेळा हलकेच फिरवायचं. गाठी, धागे किंवा काचेला पांढरा थर दिसला, तर ती कुपी टाकून द्यायची. गोठून वितळलेली कुपी दिसायला चांगली असली तरी वापरायची नाही.

कुपी गार ठेवायला मडक्यात मडकं, मधे ओली वाळू, वर ओलं फडकं ही जोडणी कोरड्या हवेत उत्तम चालते. बाहेर ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर बाष्पीभवनाने आतलं तापमान फार तर २२ अंशांपर्यंत उतरू शकतं. ३५ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेत मात्र तीनच अंशांचा फरक पडतो. दमट किनाऱ्यावर मडक्यावर विसंबू नये.

इथेच ‘डायबिटीस मुळापासून बरा’ म्हणणाऱ्या चूर्णांबद्दल सांगायला हवं. टाइप १ मध्ये अशा भरवशावर इन्सुलिन थांबवलं, तर काही दिवसांत रक्तात कीटोआम्लं (चरबी जळून तयार होणारी आम्लं) साचतात आणि जीव जातो.

आणखी एक चूक थेट सिरिंजमध्ये होते. इन्सुलिन युनिटमध्ये मोजतात, आणि काही देशांत मिलिलिटरमागे ४० युनिटच्या आणि १०० युनिटच्या कुप्या शेजारीशेजारी मिळतात. प्रत्येकीची सिरिंज वेगळी असते. ४० च्या कुपीतलं औषध १०० च्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरलं, तर शरीरात जातात फक्त ८ युनिट. उलट केलं, तर ५०. पहिल्यात साखर चढतच राहते, दुसऱ्यात माणूस बेशुद्ध पडू शकतो. सिरिंज हातात देताना तिच्यावरचा आकडा आणि कुपीवरचा आकडा रुग्णाकडूनच मोठ्याने वाचून घ्यावा. वाचता येत नसेल, तर दोन्हींवर एकाच रंगाची पट्टी चिकटवून द्यावी.