परांची दबून नव्हे, वाकून कोसळते

परांची कोसळल्याची बातमी वाचली की पाइप कच्चे असावेत, नाहीतर त्यांवर वजन फार झाले असावे, असा समज होतो. वास्तविक पोलादी पाइप दाबाने चिरडला जाण्याच्या कितीतरी आधी बाजूला वाकतो, आणि परांची पक्की करण्याचे बहुतेक शास्त्र हे वाकणे रोखण्यासाठीच आहे.

प्लास्टिकची लांब मोजपट्टी टेबलावर उभी धरून वरून तळहाताने दाबून पाहावी. थोड्याच जोराने ती मधोमध कमानीसारखी फुगते. तिचा मध्यभाग दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत नुसता धरून ठेवला, तर तीच पट्टी सुमारे चौपट जोर सोसते, आणि बोटांना मात्र फारसे कष्ट पडत नाहीत. लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने १७४४ मध्ये यामागचा नियम मांडला: उभा खांब ज्या भाराला वाकतो, तो भार खांबाच्या आधाराविना राहिलेल्या लांबीच्या वर्गाशी व्यस्त प्रमाणात असतो. परांचीचा ४८.३ मिलिमीटर बाह्य व्यासाचा, ४ मिलिमीटर जाडीचा पाइप घेतला, तर साध्या पोलादात तो दबून निकामी व्हायला सुमारे १३ टन भार लागेल. पण दर दोन मीटरवर आधार असताना तो सुमारे ७ टनांना वाकेल, आणि आधारांतले अंतर चार मीटर झाले की अवघ्या पावणेदोन टनांना. हे आकडेही अगदी सरळ पाइपाचे आहेत. वापरून पोचे पडलेला पाइप त्याआधीच हार मानतो.

मात्र आडवे पाइप क्लॅम्पने आवळले म्हणजे आधार मिळाला, असे होत नाही. उभ्या-आडव्या पाइपांचा चौकोन सहज तिरपा होतो आणि सगळे सांधे एकदमच एका बाजूला सरकतात. मग आधार द्यायचा कुणी कुणाला? तिरके पाइप घातले की चौकोनाचे त्रिकोण होतात, आणि त्रिकोणाच्या बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही. शिवाय सगळा सांगाडा पक्क्या भिंतीला ठराविक अंतरांवर जखडावा लागतो, कारण मोजपट्टीवरच्या त्या दोन बोटांचे काम इथे भिंत करते.

तळाशी प्रश्न वेगळा असतो. पाइपाचे टोक मातीत रुतू नये म्हणून खाली १५० मिलिमीटर चौरस लोखंडी पत्रा ठेवतात. त्याने दाब सुमारे ४० पटींनी घटतो. माती मऊ असल्यास त्याखाली जाड फळीही हवी.

अपघातानंतर 'त्यांची वेळच भरली होती' असे म्हणणे मला अत्यंत अन्यायाचे वाटते. गिलाव्याच्या आड येते म्हणून भिंतीची एक जखडण काढली, की त्या जागी बिनआधाराची लांबी दुप्पट होते आणि पाइपाची ताकद चौथाईवर येते. वर धूळ अडवणारी जाळी असेल, तर ती शिडासारखा वारा धरते. म्हणून आड येणारी जखडण काढण्याआधी शेजारी दुसरी बसवावी, आणि परांची उतरवताना वरून खाली येत, त्या त्या मजल्याचे पाइप सुटेपर्यंत तिथली जखडण तशीच ठेवावी.