दाढीचा फेस आणि खारपाणपट्ट्यातलं पाणी

दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावी मी पहिल्यांदा ब्रश-साबणाने दाढी केली, तेव्हा गालावर फेस आलाच नाही. फाटलेल्या दुधासारखा पांढरा चोथा तेवढा आला, आणि हनुवटीखाली दोन ठिकाणी कापलं. मी दोष पत्ती बसवायच्या मशीनला दिला, अमरावतीहून जड आणि महागडं मशीन आणलं. चोथा तसाच. शेवटी गावात दाढ्या करणाऱ्या काकांना विचारलं. ते हसले. "मशीन कायले बदलवता भाऊ, पानी बदलवून पाहा."

घरी येऊन दोन बाटल्या घेतल्या. एकीत हापशीचं पाणी, दुसरीत टिनाच्या पन्हाळीखाली धरलेलं पावसाचं. दोन्हींत साबणाचा नखाएवढा कीस टाकून हलवलं. पावसाच्या पाण्यावर चार बोटं फेस उभा राहिला. हापशीच्या पाण्यात पांढरे कण तरंगत राहिले आणि काठाला चिकट कडं धरलं. नवीन माणसाने दुकानात जायच्या आधी हा प्रयोग करावा, असं माझं मत आहे. फुकट आहे, शिवाय पुढची बरीच खरेदी वाचते.

साबण म्हणजे तेला-चरबीतल्या स्निग्धाम्लांचा सोडियम किंवा पोटॅशियम क्षार. हे क्षार पाण्यात विरघळतात, म्हणून फेस होतो. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. ते सोडियमची जागा घेतं, आणि जो नवा क्षार तयार होतो तो पाण्यात विरघळत नाही. तोच तो चोथा. विदर्भात काळ्या पाषाणातून मुरलेलं पाणी बरेचदा जड असतं, आणि पूर्णा नदीच्या गाळाच्या पट्ट्यात, म्हणजे आमच्या खारपाणपट्ट्यात, त्यात खारेपणाची भर पडते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलं आहे. दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे प्यायला चालणारं पाणी साबणाला चालेलच असं नाही.

उपाय सोपा आहे. दाढीच्या फेसाला पाणी लागतं किती? अर्धा पेला. गावात आरओच्या पाण्याचे जार फिरतात, त्यातलं तेवढं काढून गरम करा. चेहरा धुवायला हापशीचं चालेल. पाणी उकळून गाळलं तर जडपणाचा एक भाग पातेल्याच्या बुडाला पांढरा थर होऊन बसतो, सगळा नाही. तुरटी फिरवून मात्र उपयोग नाही. तिने गढूळपणा बसतो, जडपणा जात नाही.

आता साबण. अंगाचा साबण दाढीला नको. त्याचे बुडबुडे मोठे असतात आणि लगेच बसतात. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल जास्त असतं आणि सोडियमच्या जोडीला पोटॅशियम असतं, त्यामुळे फेस बारीक, दाट आणि टिकाऊ होतो. शिकणाऱ्याने आधी ट्यूबमधलं साधं क्रीम घ्यावं, कारण त्यात पाण्याचं प्रमाण चुकलं तरी निभतं. हात बसला की साबणाची वडी. ती कितीतरी महिने पुरते.

ब्रश नायलॉनचा घ्या, स्वस्त आणि लवकर वाळणारा. डुकराच्या केसांचाही चांगला असतो, पण तो आधी भिजवावा लागतो. (रात्रीबेरात्री तुरीत शिरणाऱ्या प्राण्याच्या भाऊबंदाला सकाळी गालावर फिरवायचं, हे आमच्या वडिलांना अजून पटलेलं नाही.)

मशीनबद्दल लोक फार बोलतात. अमेरिकेतल्या किंग जिलेटला १९०४ साली पेटंट मिळालं तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे: पातळ पत्ती दोन पट्ट्यांमध्ये घट्ट धरायची. दुधारी पत्ती कुठल्याही कंपनीची घ्या, कुठल्याही दुधारी मशीनला बसते, आणि खरी बचत तिथेच आहे. पत्ती जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड. ती सैल राहिली की थरथरते आणि ओरबाडते. म्हणून मशीन विकत घेताना आटे नीट बसतात का आणि पत्तीच्या दोन्ही कडा सारख्या बाहेर येतात का, एवढंच पाहा. स्वस्तातलं तीन भागांचं मशीन पुरे.

केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ, तरी पत्ती बोथट का होते? अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दाढी कापून पाहिली. धार नुसती झिजत नव्हती, तिचे टवके उडत होते. पोलादाची घडण सगळीकडे सारखी नसते. केस कापताना वाकला आणि नेमका कच्च्या जागी टेकला की टवका जातो. आणि केस पाण्यात मऊ होतो. तो आपल्या वजनाच्या जवळपास ३० टक्के पाणी पितो आणि कापायला बराच कमी जोर लागतो. काका वस्तऱ्याला हात लावायच्या आधी दोन-तीन मिनिटं नुसता ओला हात गालावर चोळत बसतात, ते उगाच नाही.

आपल्याकडे मे महिन्यात एक वेगळीच अडचण येते. पारा ४५ ला टेकलेला, हवा कोरडी. दुसऱ्या गालाकडे वळेपर्यंत पहिल्यावरचा फेस वाळून पापडी होते. कूलरसमोर बसलात तर आणखीच लवकर. एकेका गालाला फेस लावा आणि ब्रश ओला ठेवा. पत्ती गालाशी साधारण ३० अंशांत धरा, मशीनच्या वजनापेक्षा जास्त जोर देऊ नका आणि आधी केसांच्या दिशेनेच ओढा.

शेवटी ओल्या चेहऱ्यावर तुरटीचा खडा फिरवा. तिच्यातलं ॲल्युमिनियम कातडीवरच्या प्रथिनांना आकसवतं, बारीक कापलेल्या जागेतलं रक्त थांबतं. जिथे झोंबेल तिथे तुमचा हात जड पडला होता.

आपली पत्ती दुसऱ्याला देऊ नका, घरच्यालासुद्धा नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस टिकतो. वापरलेल्या पत्त्या रिकाम्या डब्याला वर चीर पाडून त्यात टाकत जा. उकिरड्यावर फेकलेली पत्ती शेणखतातून वावरात जाते, आणि निंदणाला बाया अनवाणी बसतात.