पिंजारी वेगळा, सोफावाला वेगळा

‘अपहोल्स्टरर’ला, म्हणजे सोफ्या-खुर्च्यांवर फोम आणि कापड चढवणाऱ्याला, मराठीत काय म्हणायचं, असं विचारलं की बरेच जण ‘पिंजारी’ म्हणून मोकळे होतात. मला हे पटत नाही. दोघंही बसाय-झोपायला मऊ करून देतात, इथपर्यंत ठीक. पण दोघांचं कसब अगदी वेगळं आहे.

कापूस पिंजतो तो पिंजारी. (नदाफ हे आडनावही त्यातलंच, अरबी ‘नद्दाफ’चा अर्थ तोच.) वापरून वापरून गादीतला कापूस दबतो, त्याचे गोळे होतात. पिंजारी खोळ उसवतो, कापूस अंगणात काढतो आणि धनुकलीची (धनुष्यासारख्या अवजाराची) तात, म्हणजे ताणलेली दोरी, त्यात धरून लाकडी ठोकळ्याने छेडत राहतो. तात थरथरली की तंतू सुटे होऊन उडतात आणि मुठीएवढा गोळा बघता बघता सूपभर होतो. मग तो खोळीत भरायचा, काठीने बडवून सारखा करायचा आणि दाभणाने आरपार टाके घालायचे, म्हणजे कापूस एका कोपऱ्यात सरकत नाही. आता बहुतेक ठिकाणी पिंजायला यंत्र आलंय, पण कापूस तोच परत गादीत जातो.

सोफावाल्याकडे जुना फोम असा परत उभा राहत नाही. तो दबला, त्याचा भुगा व्हायला लागला की फेकायचा. सोफावाल्याचं कौशल्य ताणण्यात. सोफा उलटा करून तो खालचं कापड काढतो, पिना उपटतो, लाकडी सांगाड्यावर पट्टे ताणून ठोकतो, त्यावर फोम आणि वर कापड नाहीतर रेक्झिन. बैठकीला 40 डेन्सिटीचा फोम, म्हणजे घनमीटरला 40 किलो. पाठीला त्याहून हलका चालतो. सोफ्याच्या हाताच्या गोल कोपऱ्यावर तो कापडाच्या बारीक चुण्या एकसारख्या घेतो, ते जवळून बघण्यासारखं असतं.

आमच्या सोफ्याची बैठक खचली तेव्हा मी पिंजाऱ्याला बोलावलं होतं. त्याने मनापासून कापूस भरून दिला. दोन महिन्यांत बैठक पुन्हा खाली गेली, कारण सैल झाले होते ते पट्टे.

सुतारही इथे उपयोगाचा नाही, त्याचं काम सांगाड्यापाशी संपतं.

बाजारात ‘सोफावाला’, ‘कुशनवाला’ हेच शब्द चालतात. पण आपल्याकडे ‘मढवणे’ हे नेमकं क्रियापद आहे. तबला कातड्याने मढवतात, देव्हारा चांदीने, तशीच खुर्ची कापडाने. मला विचाराल तर ‘खुर्च्या-सोफे मढवणारा’ हाच खरा शब्द.