दंडावरचा बीपी आणि फुफ्फुसांतला रक्तदाब

‘दंडावर बीपी १२०/८० आला, म्हणजे फुफ्फुसांतलाही रक्तदाब ठीकच, पांडवलेणीच्या पायऱ्यांवर लागणारा दम हा वयाचा,’ असा मजकूर नाशिककरांच्या मोबाइलवर अधूनमधून येतो.

असे वाटणे स्वाभाविक आहे; परंतु दंडावरचा आकडा हृदयाच्या डाव्या बाजूने शरीराला पुरवलेल्या रक्ताच्या दाबाचा असतो. फुफ्फुसांकडे रक्त उजवी बाजू पाठवते आणि तेथील सरासरी दाब विश्रांतीत साधारण १४ मिलिमीटर पारा एवढाच असतो. तो २० च्या वर गेला की वाढलेला मानतात.

बहुतेकदा हृदयाची डावी बाजू ताठर किंवा कमकुवत झाल्याने रक्त मागे फुफ्फुसांत तुंबते. फुफ्फुसांच्या जुनाट आजारात कारण वेगळे असते: ऑक्सिजन कमी पडला की तेथील रक्तवाहिन्या आकसतात, जेणेकरून रक्त हवेशीर भागाकडे वळावे; मात्र सगळीकडेच ऑक्सिजन कमी असेल, तर एरवी उपयोगी असलेला हाच गुण अंगाशी येतो. न विरघळलेल्या गुठळ्या आणि वाहिन्यांच्या जाड झालेल्या भिंती हीदेखील कारणे आहेत.

पडताळणीसाठी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात. त्यातून दाबाचा अंदाज मिळतो, तर निश्चित आकडा हृदयाच्या उजव्या बाजूतून फुफ्फुसाच्या धमनीपर्यंत बारीक नळी नेऊनच कळतो.