'गिलिगन्स आयलंड': चढवलेला रंग आणि अंगचा रंग

'गिलिगन्स आयलंड' ही जुनी अमेरिकी विनोदी मालिका आज कुणी पहिल्यांदाच बघायला घेतली, तर गल्लत ठरलेलीच. पहिला सीझन रंगीत दिसतो, दुसराही रंगीत दिसतो, तीच सात माणसं, तेच बेट, त्याच झावळ्यांच्या झोपड्या. मग फरक काय? तर दुसऱ्या सीझनचा रंग कॅमेऱ्यातूनच आलेला आहे आणि पहिल्याचा मागाहून संगणकावर चढवलेला.

होनोलुलूहून तीन तासांच्या फेरीला निघालेली 'मिनो' नावाची छोटी बोट वादळात सापडते आणि खलाशी व प्रवासी मिळून सात जण एका निर्जन बेटावर अडकतात, एवढंच कथानक. शेरवुड श्वार्ट्झने रचलेली ही मालिका २६ सप्टेंबर १९६४ रोजी सीबीएस या अमेरिकी वाहिनीवर सुरू झाली. पहिल्या सीझनचे ३६ भाग कृष्णधवल फिल्मवर चित्रित झाले. १६ सप्टेंबर १९६५ पासूनचा दुसरा सीझन, ३२ भागांचा, थेट रंगीत फिल्मवर. तिसरा आणि शेवटचाही तसाच. पुढे पुनःप्रसारणाच्या बाजारात कृष्णधवल माल खपेना, म्हणून पहिल्या सीझनलाही रंग फासला गेला.

फासला हा शब्द मुद्दाम वापरतोय. कृष्णधवल फिल्ममध्ये फक्त उजेड आणि अंधाराची नोंद असते. रंग देणारा तंत्रज्ञ फिल्मची एखादी चौकट (फ्रेम) घेऊन ठरवतो: गिलिगनचा शर्ट लाल, कप्तानाचा निळा, वाळू पिवळट. संगणक तो रंग पुढच्या चौकटींवर ओढत नेतो. उजेड-अंधार मूळचाच राहतो, त्यावर रंगाचा पातळ थर तेवढा बसतो. ओळखायचं असेल तर शर्टाकडे बघू नका, तो बरा जमलेला असतो. मागच्या झाडीकडे बघा. कोवळं पान, जून पान, वाळलेली झावळी, सगळ्यांना एकच हिरवा. चेहऱ्यांचंही तेच: कपाळ, गाल, कान सरसकट एका छटेचे. दुसऱ्या सीझनमध्ये उन्हात तांबूस झालेलं नाक आणि हॅटच्या सावलीतलं कपाळ वेगवेगळं दिसतं.

आपल्याकडे 'मुगल-ए-आझम'मध्ये हे दोन्ही रंग एकाच चित्रपटात बघायला मिळतात. १९६० साली आलेल्या या चित्रपटातलं शीशमहलातलं गाणं मुळातच रंगीत चित्रित झालेलं, बाकी बऱ्याच भागाला रंग मिळाला तो २००४ मध्ये.

खरी गोम प्रकाशयोजनेत आहे. कृष्णधवलसाठी काम करणाऱ्या छायालेखकाला माणूस झाडीपासून सुटा दाखवायला रंगाची मदत नसते. तो मागून दिवा मारून खांद्याला उजळ कड देतो, सावल्या गडद ठेवतो. रंगीत चित्रीकरणात लाल शर्ट हिरव्या झाडीतून आपसूक उठून दिसतो, त्यामुळे उजेड सगळीकडे सारखा पसरलेला चालतो. पहिल्या सीझनमधले रात्रीचे प्रसंग मूळ रूपात छान दिसतात. रंग चढवल्यावर त्यांचा पार चिखल होतो. माझं मत विचाराल तर पहिला सीझन कृष्णधवलच बघावा, आणि दुसरा बघताना टीव्हीचा रंग कमी करण्याचा शहाणपणा करू नये.

झाडी-सावल्यांच्या भानगडीत पडायचं नसेल, तर शीर्षकगीत ऐका. भागाला मूळचं गाणं जोडलेलं असेल तर लगेच निकाल लागतो. पहिल्या सीझनच्या गाण्यात पाच पात्रांचा उल्लेख येतो आणि उरलेल्या दोघांना 'आणि बाकीचे' म्हणून उडवून लावलं जातं. हे बाकीचे म्हणजे प्रोफेसर आणि मेरी ॲन! रेडिओ दुरुस्त करायचा तर प्रोफेसरने, नारळाचे गोड पदार्थ करायचे तर मेरी ॲनने, आणि नाव मात्र नाही. दुसऱ्या सीझनपासून दोघांचीही नावं गाण्यात आली. त्यासाठी गिलिगनचं काम करणाऱ्या बॉब डेन्व्हरने निर्मात्यांकडे आग्रह धरला होता, असं सांगितलं जातं.

गाणाऱ्यांची आणखी एक गंमत. पहिल्या सीझनचं शीर्षकगीत 'द वेलिंग्टन्स' या त्रिकुटाने गायलं होतं. दुसऱ्या सीझनमध्ये 'मॉस्किटोज' नावाचा लांब केसांचा बँड बेटावर येतो, त्या चौघांतले तिघे हेच. म्हणजे पहिल्या सीझनमध्ये ज्यांचे नुसते आवाज ऐकले, ते दुसऱ्यात अस्सल रंगात नाचताना दिसतात.

पहिल्या सीझनच्या सुरुवातीच्या दृश्यांत आणखी एक खूण आहे. मिनो बंदरातून निघते तेव्हा मागे अमेरिकेचा झेंडा अर्ध्यावर उतरवलेला दिसतो. हे दृश्य नोव्हेंबर १९६३ मध्ये हवाईत पायलटसाठी, म्हणजे मालिका सुरू होण्याआधी बनवलेल्या नमुन्याच्या भागासाठी, चित्रित झालं, आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या झाली होती.

आता पायलटचा विषय निघालाच आहे तर आणखी एक घोळही सांगून टाकतो. हा पायलट रंगीत होता! त्यातले तुकडे पहिल्या सीझनच्या नाताळच्या भागात वापरताना ते कृष्णधवल करून घेतले, आणि पुढे सगळ्या सीझनला रंग चढला तेव्हा त्यांनाही चढला. मूळचा रंग काढून वर नवा रंग. खुद्द पायलट प्रेक्षकांना दिसला तो १९९२ मध्ये. त्यामुळे रंग अस्सल पण प्रोफेसर भलताच, जिंजर सिनेतारकेऐवजी सेक्रेटरी, आणि मेरी ॲनच्या जागी बनी नावाची मुलगी, असा भाग हाती लागला तर तो पहिल्या सीझनचाही नाही आणि दुसऱ्याचाही नाही.