बुजवलेली खिडकी आणि खिडक्यांवरचा कर

इंग्लंडमधील जुन्या जहागिरींच्या फाटकालगत असलेल्या पहारेकऱ्याच्या लहान घरावर, म्हणजे लॉजवर, विटांनी बुजलेली खिडकी दिसली की ती कर वाचवण्यासाठीच बुजवली, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते.

हा समज निराधार नाही, कारण खिडक्यांवरचा कर तेथे 1696 ते 1851 या काळात खरोखरच होता आणि तो टाळण्यासाठी अनेकांनी खिडक्या बंदही केल्या. मात्र 1825 पासून आठपेक्षा कमी खिडक्यांच्या घरांना या करातून सूट होती आणि बहुतेक लॉज त्याहून लहानच असत. शिवाय जॉर्जियन वास्तुशैलीत, म्हणजे अठराव्या शतकातील व एकोणिसाव्याच्या आरंभीच्या इंग्लिश बांधकामशैलीत, दर्शनी बाजूच्या समतोलाला फार महत्त्व असल्याने, आत धुराडे किंवा जिना येत असे तेथे बाहेरून केवळ खिडकीचा आकार बांधून काढीत. अशी ‘आंधळी’ खिडकी कधीच उघडी नव्हती.

पडताळा भिंतीपाशीच मिळतो. कडेला सरळ उभी सांध आणि आतल्या विटांचा रंग वेगळा असेल, तर खिडकी बहुधा नंतर बुजवलेली असते. विटांचे थर भोवतीच्या भिंतीशी जुळत असतील आणि चुनाही तोच असेल, तर ती मूळचीच आंधळी खिडकी असण्याचा संभव अधिक. इमारत 1851 नंतरची असेल, तर कराचा प्रश्नच उरत नाही.